सोनपाखरांची ओढणी

धीर धरणं मला कधी जमलंच नाही. अम्मी म्हणायची, ही पोरगी शिजेपर्यंत थांबते, निवेपर्यंत थांबत नाही.

नव्वदच्या दशकात ब्रह्मपुरीला आमच्या घरी लग्नाच्या ओढण्यांवर भरतकाम चालायचं. जरी-टिकल्या सगळेच लावतात, अम्मी सोनपाखराचे पंख लावायची. सोनपाखरू म्हणजे एक दणकट भुंगा, पाठीवर हिरव्या झळाळीचे दोन टणक पंख. ते वाफेवर मऊ करायचे, काठाला सुईनं भोक पाडायचं आणि टाका घालायचा.

पंख आणायची वैनगंगेपलीकडच्या जंगलातल्या गावची एक बाई. आम्ही तिला मावशी म्हणत होतो. पावसाळा सरताना भुंगे आपसूक मरतात, बाभळीखाली पंख पडतात, ती तेवढेच वेचायची. माझं लग्न ठरलं तेव्हा ऐन पावसाळा होता आणि घरातले पंख अर्ध्या ओढणीलाही पुरेनात. मी हट्टानं मावशीच्या गावी गेले.

काय सांगू, बाभळी नुसत्या चमकत होत्या. एकेका फांदीवर पाच-पाच, सहा-सहा. मी ओढणी खोचली आणि सुटलेच. भुंगा धरला की तळहातात पाय रुतवतो, गुदगुल्या होतात, मी खिदळत होते.

"जित्याले हात नको लावू बाई," मावशी म्हणाली.

"काऊन?"

"त्याइचं काम व्हाचं हाये अजून."

मी ऐकलं नाही. ओढणी अशी झाली की लग्नात नवरीकडे कमी आणि ओढणीकडे जास्त लोक बघत होते. त्यातच एक व्यापारी होता. त्याला पंख हवे होते, काचेच्या चौकटीत लावायला अख्खे भुंगेही हवे होते, आणि कितीही चालणार होते. सासर गावातच, त्यामुळे पुढचे तीन पावसाळे मीच पुढे. आसपासची गावंच्या गावं बाभळी झोडपू लागली. शेवटी मावशीही जिवंत भुंगे धरायला आली, तिच्या घरात गरज होती. मी सगळ्यांना शिकवायचे, जाडजूड बघून घ्या, त्यांचे पंख मोठे असतात. धरलेले भुंगे ठेवायच्या डब्यांच्या तळाशी तांदळासारखे दाणे सापडायचे. लहानपणी काडेपेटीत भुंगा पाळून आम्ही याच अंड्यांची वाट पाहायचो. आता मात्र घाण म्हणून मी ती चुलीत झटकत होते. घाईत माणूस आंधळं होतं म्हणतात, मी तर डोळे उघडे ठेवून आंधळी होते.

चौथ्या वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. माझी ओढणी पाहिल्यापासून तिला तशीच हवी होती, आणि घरात एक पंख शिल्लक नव्हता. सगळा माल मीच विकला होता. आम्ही दोघी मावशीबरोबर पहाटेपासून बाभळी पाहत फिरलो. दुपारपर्यंत काही नाही. मग एका खालच्या फांदीवर हिरवं काही लकाकलं. मी धावत जाऊन काट्यांतच हात घातला.

सोनपाखरूच होतं. जाडजूड, पोट अंड्यांनी फुगलेलं.

"ओढणीच्या मधोमध हेच लावू," मी म्हणाले.

बहिणीनं माझ्या मुठीतून तो भुंगा हळूच सोडवून घेतला आणि खोडावर ठेवला. "साधी ओढणी चालेल मले," ती म्हणाली.

मला रडू आलं, पण तिथून पाय निघेना. अजून एखादं येईल, आत्ता येईल म्हणून मी सारखी वर बघत राहिले. मावशी मात्र त्या भुंग्याला अंडी घालता यावीत म्हणून खोडाच्या बुडाशी बसून माती भुसभुशीत करत होती.

"आता पुढच्या पावसात येतील ना?" मी तिला विचारलं.

"याइचं पोरगं मातीत दोन-तीन सालं वाढते, मंग वर येते," ती म्हणाली. "या मातीत वाढाचे ते तू डब्यात नेले."