कालकथित उकंडरावांचं निमंत्रण

शेलूबाजारला हायवेला लागून प्रसेनजितचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. पत्रिकांचा प्रोग्राम त्यानं स्वतः लिहिलाय आणि हे सांगितल्याशिवाय तो गिऱ्हाइकाला सोडत नसे. शेजारी माझं चष्म्याचं दुकान असल्यानं मला ते पाठ झालंय.

आमच्याकडे नवी पत्रिका कोणी करत नाही. मागच्या लग्नाची काढायची आणि नवरानवरी बदलायचे. काका-मामा तेच, त्यांचे रुसवेही तेच. म्हणून प्रोग्राममध्ये ‘नक्कल’ नावाचं बटण होतं आणि प्रसेनजितचा त्यावर भारी जीव.

गेल्या वर्षी त्याचे वडील उकंडराव वारले. यंदा धाकट्या भावाचं, नरेंद्रचं लग्न ठरलं. प्रसेनजितनं बहिणीची, सपनाची जुनी पत्रिका उघडली, नक्कल केली आणि त्या नकलेत वडिलांच्या नावाआधी ‘कालकथित’ लिहिलं. इतर लोक कैलासवासी लिहितात तिथं त्यांच्या बौद्ध समाजात हा शब्द येतो. तेवढा एक शब्द टाईप करताना त्याचा चहा निवून गेला.

मग सपना माहेरी आली. लग्नाच्या नोंदणीसाठी तिला तिची पत्रिका हवी होती. त्यानं छापून दिली. आई, रुख्मिणीबाई, दुकानातच वाचायला लागल्या. निमंत्रक : कालकथित उकंडराव.

“काहून रे, तुया बापानं मेल्यावर सपनाचं लगन लावलं का?”

मी त्या लग्नात जेवलो होतो. उकंडराव स्वतः पंगतीत वाढत होते, आणि बुंदी हात आखडून वाढत होते. मी तशी साक्ष दिली.

“प्रोग्राम चुकला, माय.”

“प्रोग्राम कोनं लिवला?” म्हणाल्या आणि रडायला लागल्या. “लेकीच्या लग्नात तरी होते ते. तिथूनही काढलं तू त्याईले.”

घोटाळा असा होता : पत्रिकेच्या आत कुटुंब, कुटुंबाच्या आत माणसं. बटण फक्त वरची पत्रिका नवी करायचं, आतलं कुटुंब दोन्हींत एकच राहायचं. दोन दारांना दोन पाट्या आणि आत चूल एक.

त्यानं नवं फंक्शन लिहिलं. आत शिरायचं, प्रत्येक कुटुंब, प्रत्येक माणूस नवा करायचा. नरेंद्रच्या पत्रिकेवर चालवलं तर कॉम्प्युटर अडकला. नरेंद्रची नवरी मामाचीच मुलगी. फंक्शन रुख्मिणीबाईंकडून त्यांच्या भावाकडे जाई, भावाकडून परत रुख्मिणीबाईंकडे, आणि फिरत राही. नात्यात लग्न केल्यावर माणसांचंही असंच होतं, असं मी म्हणालो. रुख्मिणीबाई माझ्याशी बोलेनात. शेवटी ज्याची नक्कल एकदा झाली त्याची खूण ठेवायची, परत भेटला की तीच नक्कल वापरायची, असं केल्यावर गाडी पुढं सरकली.

मग त्यानं सपनाच्या पत्रिकेतून तो शब्द पुसला. नरेंद्रच्या पत्रिकेत तो तसाच राहिला. आईला दोन्ही दाखवल्या. नरेंद्रची त्यांनी भरभर वाचली. सपनाच्या पत्रिकेवरून त्यांची नजर हलेना.

“याच्यात तरी राहू दे त्याईले,” त्या म्हणाल्या.

प्रसेनजित आता प्रोग्रामबद्दल कोणाला सांगत नाही. कोणाचीही पत्रिका असो, नक्कल झाली की आधी सपनाची उघडतो. तिचा त्या नकलेशी काही संबंध नसतो, हे मलासुद्धा कळतं. उकंडराव जिवंत आहेत एवढं बघतो आणि मग कामाला लागतो.