हलकं मागितलं, हलकंच वाढलं

मंडळी, आज मी उट्टं काढलं.

मागच्या खेपेला पुण्याच्या नणंदबाईंनी माझ्या मरळ माशाच्या रश्श्याची वाटी चारचौघांत बाजूला सारली होती. "वहिनी, केवढं तेल. आम्ही आता हलकंच खातो."

आज त्या सेनगावला आल्या, पिशवीत ॲव्होकॅडो घेऊन. मग मीही मरळीचे तुकडे नुसत्या हळद-मिठात वाफवले, लिंबू पिळलं, बाजूला ॲव्होकॅडोच्या फोडी ठेवल्या. झटपट काम.

आमच्या ताटांत मात्र झणझणीत रस्सा आणि ज्वारीची भाकर.

दोन घासांनंतर नणंदबाई भावाच्या ताटाकडंच पाहून राहिल्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "वहिनी, रस्सा हाय का थोडा?"

"हाय की, अक्का. पण तुमाला जड पडंल."

आणि उरलेला सगळा रस्सा त्यांच्या भावाला वाढला.

सांगा, पाहुण्याच्या मनासारखं वाढलं, यात माझं काय चुकलं?