जांभळा झेंडा आणि मालवणचा जावई

मालवणात जन्मलेल्या माणसाने समुद्राबद्दल बेताने बोलावं. हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं, तेही फ्लोरिडात.

सासू-सासरे नागपूरहून आमच्याकडे शिकागोला आले होते. एप्रिल संपत आला तरी घरात हीटर चालू होता आणि सासूबाई दोन स्वेटर घालून खिडकीत बसायच्या. मला राहवलं नाही. मी जाहीर केलं, "चला, तुम्हाला समुद्र दाखवतो. आमच्या घरचाच तो!"

"तू शेवटचा पाण्यात कधी उतरलास?" बायकोने विचारलं. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. खरं सांगायचं तर माझं सगळं बालपण समुद्राच्या काठी क्लासला जाण्यात गेलं. पाणी घोट्याच्या वर कधी आलं असेल तर ते पावसाळ्यात, रस्त्यावर.

पेन्साकोलाला उतरून आम्ही भाड्याची गाडी घेतली आणि मेक्सिकोच्या आखाताच्या कडेने एकेक गाव करत पूर्वेकडे निघालो. खांबांवर उभी फिकट रंगांची घरं, तळलेल्या कोळंबीचा वास, आणि वाळू अशी पांढरी की सासूबाईंनी चिमटीत घेऊन आधी रेघ ओढून पाहिली. "अगं, ही तर रांगोळी!"

किनाऱ्यावर जांभळा झेंडा फडकत होता. सासऱ्यांनी तो कशाचा म्हणून विचारलं.

"गावाचा असेल," मी म्हणालो. "इथे प्रत्येक गावाचा वेगळा झेंडा असतो."

मग मी त्यांना पाण्यात नेलं. लाट आली की तिला छाती द्यायची नाही, खांदा द्यायचा, गुडघे जरा वाकवायचे, असं माझं व्याख्यान रंगात आलं होतं, तेवढ्यात पोटरीला कुणीतरी तापलेली सळई लावली. "आई गं!" म्हणून मी ओरडलो, एक पाय उचलला आणि दुसऱ्यावर गरगर फिरलो. मागे वळून बघतो तर गुडघाभर पाण्यात सासरेही एक पाय उचलून उभे.

"असाच ना, जावईबापू?"

जीवरक्षक मुलगी धावत आली. जांभळा झेंडा म्हणजे पाण्यात डंख मारणारे जीव आहेत, हे तिने फारच अदबीने सांगितलं आणि झेंड्याखालची पाटी दाखवली. पाटीवर ते चांगलं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. तिने पायावर बाटलीभर व्हिनेगर ओतलं. गाडीत दिवसभर लोणच्याचा वास येत होता आणि तो वास मी होतो.

दुसऱ्या दिवशी जवळच्या संरक्षित पाणथळीत गेलो. गवतातून लाकडी पायवाट काढलेली. लंगडत का होईना, पुढे मीच. एका वळणावर चिखलात मगर पडलेली दिसली. ही मगर इथली, आखूड तोंडाची. हालचाल शून्य.

"रबराची आहे," मी म्हणालो. "पर्यटकांसाठी ठेवतात."

"रबर डोळे मिटते काय, बाप्पा?" सासूबाई म्हणाल्या.

पुढचं मला नीट आठवत नाही. बायकोने काढलेल्या फोटोत मी सासूबाईंच्या मागे आहे आणि त्यांचा पदर माझ्या मुठीत आहे. तो फोटो आता दोन्हीकडच्या नातेवाइकांकडे पोचला आहे.

त्याच दुपारी आम्ही खाडीच्या बाजूला थांबलो. तिथे पाणी संथ होतं, उथळ, आणि झेंडा हिरवा. या वेळी पाटी मी दोनदा वाचली.

"मला उतरायचंय," सासूबाई अचानक म्हणाल्या. मी चपला काढायला वाकलो, तशा म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ. तुम्ही फार बोलता."

लेकीचा हात धरून त्या साडीसकट पाण्यात गेल्या आणि मांडी घालून चक्क खाली बसल्या. लाट पोटावर आली की लहान मुलीसारख्या हसायच्या. मग लेकीला म्हणाल्या, "लग्न झाल्यावर गोव्याला जायचं ठरलं होतं आमचं. राहूनच गेलं बघ."

सासरे माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी ते ऐकलं. मग घड्याळ आणि चष्मा माझ्या हातात दिला, पँट वर दुमडली आणि निघाले. चष्म्याशिवाय त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून सासूबाईंनीच हात पुढे केला. "या. हळू."

दोघं शेजारी शेजारी बसून राहिले. मला खाडी आणि समुद्रातला फरक समजावून सांगायची फार इच्छा झाली होती. पण मी गप्प बसलो. त्या सहलीत मला जमलेली ही एवढीच गोष्ट.

सासूबाईंचे कोरडे कपडे हॉटेलात राहिले होते. रस्त्यापलीकडच्या दुकानात त्यांच्या मापाचा एकच टी-शर्ट मिळाला. त्यावर चोचीत मासा धरलेला मोठा पेलिकन होता. तो टी-शर्ट आणि लेकीची पायघोळ पँट घालून त्या जेवायला आल्या, तेव्हा सासऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि म्हणाले, "छान दिसतेस."

त्या लाजल्या आणि त्यांनी मेनू उलटा धरला.