आठ जागांची पॅकिंग

वडील बदलापूरहून चार वाजता येणार होते, आणि अकरा वाजले तरी त्यांच्या मोटारीची बॉडी अंगणात चार ड्रमांवरच होती. शेजारी तिची चासी, म्हणजे चाकं, इंजिन आणि खालचा लोखंडी सांगाडा, काळाभोर रंग लावून तयार. मधलं अंतर सहा फूट. त्या सहा फुटांनी माझी आठवडाभराची झोप उडवली होती.

मोटार पन्नासच्या दशकातली, परदेशी बनावटीची. आमच्या मोरिवलीतल्या कितीतरी नवऱ्या मुली तिच्यातून सासरी गेल्या, आणि चालवायला कायम वडील. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दोन महिने बदलापूरला माझ्या बहिणीकडे जाताना त्यांनी मला बजावलं होतं, "रंग मार, पॉलिश कर, पन बॉडी खोलू नको." मी खोलली. सांगाडा गंजत चालला होता. शिवाय तीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्टर म्हणून दुसऱ्यांच्या कामात खोट काढली की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला सगळं कळतं.

पण खरी चूक पुढेच होती. बॉडी सांगाड्यावर आठ बोल्टांनी बसते आणि प्रत्येक बोल्टापाशी मध्ये रबराची पॅकिंग असते. वडिलांनी तिथे काय काय कोंबलं होतं! टायरचे तुकडे, सायकलची ट्यूब, एका जागी तर चपलेचा तळ. कुठे एक थर, कुठे चार. मी मनातल्या मनात 'रिजेक्ट'चा शिक्का मारला आणि सगळं पोत्यात भरून भंगारवाल्याला दिलं. मग उल्हासनगरला एका सिंधी दुकानदाराकडून आठ नव्या पॅकिंग कापून आणल्या. "साईं, एकदम बराबर, एक सूत का फरक नहीं," तो म्हणाला. घरी येऊन मी व्हर्नियर लावून मोजलं. खरंच फरक नव्हता. तेव्हा मला जो आनंद झाला, त्याची आता लाज वाटते.

आमच्या गल्लीत क्रेन शिरत नाही. म्हणून गावदेवीची पालखी उचलणारे आठ जण बोलावले होते. त्यांनी आधी चपला काढल्या, मगच बॉडीला हात लावला. "जयघोष झाला की हळूच, कमरेपर्यंत," मी दहादा सांगितलं. जयघोष झाला आणि बॉडी थेट खांद्यावर गेली. पालखी कधी कोणी कमरेपर्यंत उचलतं का? वर त्यांची पावलं सवयीने ताल धरायला लागली.

"नाचवू नका! अरे बाबांनो, नाचवू नका!"

एकाचा जरी पाय घसरला असता तर वडिलांना काय तोंड दाखवलं असतं? पण देवीच्या कृपेने बॉडी सहा फूट सरकली आणि इंचाइंचाने नव्या पॅकिंगवर खाली आली. आठही भोकं जुळली. बोल्ट आवळून मी स्पिरिट लेव्हल ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधोमध होता. मी सगळ्यांना चहा सांगितला.

मग काढून ठेवलेले दरवाजे बसवायला घेतले. तीन लागले. मागचा डावा बंद होईना, वर बोटभर फट राहत होती. बिजागरी सैल केली, पुन्हा आवळली, खांदा लावून ढकलला. फट तेवढीच. घामाने सदरा पाठीला चिकटला होता, आणि फाटकाशी रिक्षा थांबली. अजून तीनही वाजले नव्हते.

वडील काठी टेकत आत आले. मोटारीभोवती एक फेरी मारली. त्या फटीत बोट घातलं.

"बॉडी खोललीस."

"हो."

"पॅकिंगा कुठं हायत?"

"टाकल्या."

"कोनाला इचारून?"

साठी ओलांडलेला मी, पण हातातला पाना पाठीमागे लपवला. आता गल्ली गोळा होणार, असंच वाटलं. पण ते ओरडले नाहीत. खुर्ची मागवून मोटारीला लागून बसले.

"सांगाडा सरळ नाय ह्यो. मागं एकदा खड्ड्यात गेलेला, तवापासून वाकलाय. तो वाकलाय तशी पॅकिंग द्यायची. कागद आन, लिहून घे."

मी कागद आणला. "पुढचं उजवं, एक थर. पुढचं डावं, दोन." डोळे मिटून ते सांगत होते, बोटांनी हवेत जाडी दाखवत होते. मी लिहीत होतो आणि माझा जीव हळूहळू भांड्यात पडत होता. सहा जागा भराभर झाल्या. सातवी, त्या न लागणाऱ्या दरवाज्याखालची, आली आणि ते थांबले.

पुन्हा पहिल्यापासून मोजत आले. पुन्हा तिथेच अडले. वाकून सांगाड्यावरून हात फिरवला. पालखीवाले चहाचे ग्लास तसेच धरून त्यांच्याकडे बघत होते. वडिलांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. ते घाबरले होते. आयुष्यात मी त्यांना तसं पहिल्यांदा पाहिलं.

"तिथं किती थर व्हते रं?"

मला माहीत नव्हतं. मी मोजलेच नव्हते.

"तीन," मी म्हणालो.

"हां," ते म्हणाले. "तीनच."

मी कागदावर तीन लिहिलं.