हिरव्या पडद्यावरचं लाल दार

गेल्या भाऊबीजेला ताई राजूरहून आमच्याकडे नगरला आली होती. जेवताना म्हणाली, "यंदा आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं. सलग चार दिवस." मी सवयीनं म्हणालो, "लाल दार!" सगळे हसले. ताईही हसली आणि भात मागून घेतला.

आमच्या घरात हा शब्द पस्तीस वर्षं चालत आला आहे. ताईनं काही वाढवून सांगितलं असं वाटलं, की कुणीतरी 'लाल दार' म्हणतं. आई म्हणायची, मी म्हणतो, माझी मुलगीही म्हणते. पण तो आला कुठून हे मुलीला माहीत नव्हतं. ताई गेल्यावर तिनं विचारलं, तेव्हा मी सांगितलं.

ताई सतरा वर्षांची होती आणि मी तेरा. नगरमध्ये एका सायकलच्या दुकानावर कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता. चार मशीन होती. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत. ताई तिथे टायपिंग आणि हिशेबाचा कोर्स करायची. तिला आणायला मी संध्याकाळी जायचो. शनिवारी शेवटचा अर्धा तास सर खेळू द्यायचे, तेव्हा मलाही बसायला मिळे.

खेळ एकच होता. त्याचं इंग्रजी नाव कुणी घेत नसे, आम्ही त्याला 'कंदील' म्हणायचो. हातात कंदील घेतलेला एक गडी किल्ल्यात शिरतो. खोल्या बारा. फळ्यांवरून उड्या मारायच्या, कोसळणाऱ्या दगडांखालून पळायचं, किल्ल्या गोळा करायच्या. जीव तीन. चारही मॉनिटर एकरंगी होते, काळ्यावर हिरवं. गडी हिरवा, दगड हिरवे, कंदिलाची ज्योतही हिरवी.

सरांनी सांगून ठेवलं होतं की जो कुणी बारावी खोली पार करेल त्याचं नाव फळ्यावर कायमचं राहील. एका शनिवारी मी पोचलो तेव्हा मुलं जिन्यात चपला घालत होती आणि फळ्यावर ताईचं नाव होतं. सर म्हणाले, "तुझ्या बहिणीनं कंदील संपवला म्हणे." 'म्हणे' अशासाठी, की ते पाहिलं कुणीच नव्हतं. सर आत येईपर्यंत खेळ पुन्हा सुरुवातीच्या चित्रावर गेला होता.

मी ताईला विचारलं, "शेवटी काय होतं?"

"लाल दार असतं," ती म्हणाली.

मी लगेच सरांकडे गेलो. "सर, आपला मॉनिटर हिरवा आहे. हिला लाल कसं दिसलं?"

जिन्यातली मुलं आत येऊन हसली. सरही हसले. "अरे, हे बरोबर आहे की!" असं म्हणून त्यांनी डस्टर उचललं. ताई जिन्यात जाऊन चपला घालू लागली. कोर्स तिनं पूर्ण केला, पण शनिवारचा अर्धा तास ती पुन्हा कधी थांबली नाही.

माझी मुलगी ऐकत होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही बाराव्या खोलीत पोचला होतात का?"

"नाही. आठवीपर्यंत."

"मग बाराव्या खोलीत काय आहे ते तुम्हाला काय माहीत?"

मी म्हणालो की प्रश्न खोलीचा नव्हता, मॉनिटरचा होता. उत्तर मला तेव्हा चोख वाटलं. झोपायला जाईपर्यंत तितकं चोख वाटेना. मी विजेच्या मीटरचं रीडिंगसुद्धा स्वतः जाऊन बघतो आणि मग बिल भरतो. ही एक गोष्ट मात्र न बघता पस्तीस वर्षं वापरत होतो.

चार दिवसांनी मुलीनं तो खेळ इंटरनेटवर शोधला आणि तिच्या लॅपटॉपवर चालू करून दिला. पहिली खोली उघडली तेव्हा मी काही वेळ हातच लावला नाही. खेळ रंगीत होता. गड्याचा सदरा निळा होता. तिसऱ्या खोलीत खाली जे लाटा मारतं, ज्याला आम्ही सगळे पाणी म्हणायचो, तो जाळ निघाला. त्यात पडलं की गडी का मरतो, यावर आमची क्लासमध्ये भांडणं झाली होती. एकाचं मत होतं की त्याला पोहता येत नसावं.

"हा पळतोय की रांगतोय?" मुलीनं विचारलं.

"पळतोय. आमच्या वेळी हा वेग फार वाटायचा."

रोज संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात मी बसू लागलो. एक शंभर पानी वही केली. कुठल्या खोलीत, कशानं मेलो, किती पावलांवर उडी घेतली, ते लिहीत गेलो. गंमत म्हणजे पाचव्या खोलीतली उडी बोटांनी आपोआप घेतली, सहाव्या पावलावर. मला ते सहावं पाऊल आठवत नव्हतं, बोटांना आठवत होतं. नवव्या खोलीपासून पुढचं सगळं नवीन होतं. दहावीत सत्तावीस वेळा मेलो. बायको म्हणाली, "मुलं अभ्यासाला बसत नाहीत म्हणून लोक ओरडतात. आमच्याकडे बाप उठत नाही."

जानेवारीत, एकशे त्रेसष्टाव्या डावाला, मी बाराव्या खोलीत पोचलो. एकच जीव उरला होता. खोली साधी होती, एक कळ आणि समोर सपाट भिंत. कळ दाबली. भिंत सरकली आणि मागे दार दिसलं. लाल होतं. त्याच वेळी पडद्याच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ उमटली, ठळक अक्षरांत: लाल दार उघडलं आहे.

अक्षरं हिरवी असली तरी वाचता आलीच असती.

मी ती ओळ वाचत राहिलो. तेवढ्यात वरून दगड आला आणि गडी मेला. वहीत लिहिलं: डाव १६३, खोली १२, दगड. मुलीला बोलावलं नाही. हे आधी ताईला सांगायला हवं होतं, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

रविवारी अकोले गावापर्यंत एसटीनं आणि पुढे जीपनं राजूरला गेलो. ताईच्या गल्लीत भिंतींवर पाण्याची मातकट रेघ अजून होती. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी भिंतीला गुडघा लावला. रेघ गुडघ्याच्या चार बोटं वर होती.

ताई आत खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती. "न सांगता आलास? सगळं बरंय ना?"

"बरंय. तुझं दार लाल आहे," मी म्हणालो. "आणि तसं खाली लिहूनही येतं."

तिचा हात सुपात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "येतं की."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस, वाचलं म्हणून?"

"तू विचारलंस कुठे? तू सरांकडे गेलास."

मी पिशवीतून लॅपटॉप काढला. "थांब, तुला दाखवतो."

"मला कशाला दाखवतोस? मी बघितलंय."

मी लॅपटॉप पिशवीत परत ठेवला. म्हणालो की चूक माझी होती, आणि पस्तीस वर्षं मी ती सगळ्यांच्या तोंडी घातली. घरी गेल्यावर सगळ्यांना सांगणार आहे. ताई म्हणाली, "सांग. आणि पाण्याचंही सांग." खिडकीतून तिनं मला भिंतीशी पाहिलं होतं.

मग तिनंच विचारलं, "दारातून आत गेलास का?"

"नाही. ओळ वाचत बसलो, दगड पडला."

"तिथं थांबायचं नसतं रे. कळ दाबली की लगेच पळायचं." ती खूप हसली, सूप बाजूला ठेवावं लागलं. "आत काय आहे ते सांगू? खरं धरशील?"

"धरीन."

आत एक अंगण आहे, ती म्हणाली. मधोमध विहीर. गडी विहिरीच्या काठावर कंदील ठेवतो, खाली बसतो आणि कंदील विझवतो. मग उजाडतं.

मी वही काढली आणि १६३ च्या खाली लिहून घेतलं: दारापलीकडे अंगण, विहीर, गडी बसतो, उजाडतं. पुढे कंसात लिहिलं, माहिती ताईकडून. ताईनं वही ओढून ते वाचलं, "विहिरीला रहाट पण होता, लिही," म्हणाली, आणि मी रहाटही लिहिला.