नसरीन मॅडम आणि आमचं बोलकं घर

नसरीन मॅडमकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या मुलीसोबत सगळं घर गेलं होतं. मॅडम स्पीच थेरपिस्ट. द्वारका चौकाजवळ त्यांचा छोटा दवाखाना. त्यांनी सईला विचारलं, "नाव काय गं तुझं?"

"सई," माझी आई म्हणाली. "लाडानं सयू," आत्यानं भर घातली. बायकोनं पूर्ण नाव सांगितलं.

"माशाल्ला!" मॅडम म्हणाल्या. "एवढी माणसं बोलायला असल्यावर पोरीनं कशाला तोंड शिणवायचं?"

सई अडीच वर्षांची होती. एक शब्द नाही, बोट दाखवणं नाही, हाक मारली तर वळणं नाही. घर मात्र निश्चिंत होतं, कारण घराकडे भक्कम पुरावा होता: मी. मी उशिरा बोललो आणि तरीही प्राध्यापक झालो. शिवाय उपाय चालूच होते. वेखंड मधात उगाळून रोज तिच्या जिभेवर लावत होतो. पोपटानं उष्टावलेला पेरू खाल्ला की मूल बोलतं, म्हणून आत्यानं थेट सिन्नरला बोलक्या पोपटाचं घर शोधलं होतं.

मॅडमनी हे सगळं फार आदरानं ऐकून घेतलं. "त्या पोपटाला बोलायला कुणी शिकवलं, आत्या?"

"मालकानं. रोज समोर बसून शिकवतो म्हणे."

"मग पेरू राहू द्या. मालकाला घेऊन या."

नंतर त्यांनी सईचे कान तपासलेत का, असं विचारलं. कुणी तपासले नव्हते. "जीभ उगाळून झिजवलीत आणि कानाला कुणी विचारलंच नाही," म्हणत त्यांनी आधी कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कान चांगले निघाले. मग खरं काम सुरू झालं, आणि ते सईपेक्षा आमच्यावरच जास्त होतं.

मॅडमनी काचेच्या बरणीत सईचे आवडते मनुके भरले, झाकण घट्ट लावलं आणि बरणी तिच्यासमोर ठेवली. "आता सगळ्यांनी हात मांडीखाली घ्यायचे."

आमच्या घरात मुलानं नजर वळवायच्या आत वस्तू त्याच्या हातात येते. याला आम्ही माया म्हणतो. सईनं बरणी ओढली, आपटली, रडवेली झाली.

"अहो मॅडम, उपाशी आहे लेकरू!"

"पोहे खाऊन आलंय ते, आजी. मघाशी तुम्हीच सांगितलंत."

शेवटी सईनं मॅडमचा हात धरून झाकणावर ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्याच क्षणी बरणी उघडली. "हे बोलणंच आहे," मॅडम म्हणाल्या. "ऐकू आलं ना? नाहीतर तुमचेही कान तपासून घेऊ." आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं मांडीखालून हात काढले नाहीत.

मॅडम येवल्याच्या, पैठणी विणणाऱ्या घरातल्या. कुणाची तरी नजर लागली असेल, असं आत्या म्हणाली की त्या म्हणत, "आमच्याकडे धागा तुटला की आम्ही दृष्ट काढत नाही, गाठ मारतो." काही महिन्यांनी सई "दे" म्हणाली, तेव्हा आत्यानं कॉलनीभर पेढे वाटले. नातेवाइकांनी ते खाल्ले आणि वय झालं की बोललीच असती, असं सांगून गेले. मॅडमना हे कळवलं. "बरोबर आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. "गुण आला की श्रेय वयाचं, नाही आला की दोष मॅडमचा."

गेल्या हिवाळ्यात मॅडम अचानक गेल्या. हृदयविकाराचा झटका. येवल्याला जाऊन त्यांच्या घरच्यांना आम्ही भेटून आलो. सईला सांगायचं कसं हे ठरेना, म्हणून कुणी काही सांगितलं नाही. तिला कुठं कळतंय, असंही कुणीतरी म्हणालं.

दवाखान्याच्या दिवशी सई चपला घालून दारात उभी राहिली. कुणी हलेना, तेव्हा वळून म्हणाली, "मॅडम कुठे?"

तोवर ती मागायची, वस्तूंची नावं घ्यायची. विचारलं तिनं कधीच काही नव्हतं. हा तिचा पहिला प्रश्न. पोपटापासून नजरेपर्यंत ज्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं, त्या माणसांपैकी एकाचंही तोंड उघडेना. सई माझ्या चेहऱ्याकडे बघत शांतपणे उत्तराची वाट पाहत राहिली.