वैशालीचं हसू

कॉलेजातल्या मुलांना मी नोकरीच्या मुलाखतीसाठी तयार करते. कसं बसायचं, हात कुठे ठेवायचे, अवघड प्रश्न आला तरी कसं हसायचं, सगळं शिकवते. त्या दुपारी रिकाम्या वर्गातून वैशालीचा आवाज आला म्हणून दाराशी थांबले. समोरच्या मोकळ्या खुर्चीकडे बघत ती उत्तरं देत होती. मध्येच थांबायची, कुणी काही विचारत असल्यासारखं ऐकायची, मान हलवायची आणि पुन्हा बोलू लागायची. महिन्यापूर्वी हीच मुलगी स्वतःचं नाव सांगतानाही अडखळायची.

तिची आई आठवडाभर दवाखान्यात होती. आत जाऊन मी विचारलं, "आई कशी आहे गं आता?"

वैशाली ताठ बसली आणि छान हसली. "आईचं आजारपण हे माझ्यासमोरचं एक आव्हान आहे, मॅडम. त्यातून मी खूप काही शिकतेय."

अशा उत्तराचा साचा मीच फळ्यावर लिहून दिला होता. बोलायला शिकवता शिकवता आपण माणसाच्या आतल्या कुणाला गप्प करत असतो?

"वैशाली, ही मुलाखत नाहीये. हसू नकोस."

तिने प्रयत्न केला. गाल थरथरले, डोळ्यांतून पाणी ओघळलं, पण ओठ तसेच ताणलेले राहिले.

"मॅडम, हसू जात नाहीये," ती पुटपुटली.

मी तिचे गाल दोन्ही हातांत धरले. थंडगार होते. बऱ्याच वेळाने ओठ सैल पडले, आणि ती अडखळत म्हणाली, "आई... आई मला ओळखत नाहीये."